किशोरवयीन मुलांच्या रिस्क फॅक्टरवरचं रिसर्च स्पीच थेरपीत वापरायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की १४ वर्षांचा एक मुलगा तुमच्याकडे आलाय, पाच वर्षांचा असताना त्याची स्पीच थेरपी झाली होती, उच्चार सुधारले म्हणून बंद केली, आणि आता मारामाऱ्या, तास बुडवणं, एकदा सिगारेट ओढताना सापडला, रेफरलच्या कागदावर लिहिलंय 'बिहेविअर प्रॉब्लेम, उद्धट उत्तरं देतो'. तुम्ही या वयातल्या रिस्क फॅक्टरवरचं, म्हणजे मूल अडचणीत येण्याची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टींवरचं, बरंच वाचलंय आणि विचारताय की त्याचं थेरपीत नेमकं करायचं काय, आणि मुळात हे काम आपलं की सायकॉलॉजिस्टचं. मी वीसेक वर्षं याच वयाच्या मुलांसोबत काम करतेय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. सिगारेट सोडवणं, घरातली भांडणं मिटवणं, डिप्रेशनचं निदान करणं हे आपलं काम नाही आणि त्यात हात घालू नये. पण त्या मुलाला समोरच्याचं बोलणं किती कळतंय, स्वतःची बाजू सांगता येतेय का, मित्रांनी आग्रह केला की तोंडातून वेळेवर शब्द निघतो का, हे आपल्याशिवाय दुसरं कोणीच तपासणार नाहीये. म्हणून आपलं आहेच.

आता रिसर्च. रिचर्ड आणि शर्ली जेसर यांनी १९७७ मध्ये जी मांडणी केली ती आजही मला सगळ्यात उपयोगी वाटते. त्यांचं म्हणणं असं की या वयातली धोक्याची वागणूक एकेकटी येत नाही, घोळक्याने येते, म्हणजे जो मुलगा सिगारेट ओढतो तोच बहुतेकदा तास बुडवताना आणि मारामारीतही दिसतो, आणि त्या वागण्यातून त्याला काहीतरी मिळत असतं, मित्रांमध्ये जागा मिळते, मोठं झाल्यासारखं वाटतं, किंवा नकोशा ठिकाणाहून सुटका होते. हा सुटकेचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल. मग १९९२ मध्ये हॉकिन्स, कॅटालानो आणि मिलर यांनी व्यसनांच्या रिस्क फॅक्टरची मोठी छाननी केली. त्या यादीत अभ्यासात सतत मागे पडणं आहे, शाळेबद्दल ओढ नसणं आहे, लहान वर्गात सोबतच्या मुलांनी दूर लोटणं आहे, घरातला ताणतणाव आहे, व्यसन करणारे मित्र आहेत. भाषा हा शब्द तुम्हाला तिथे ठळकपणे दिसणार नाही. पण स्वतःला विचारा, ज्या मुलाला धड्यातलं अर्धंच कळतं तो अभ्यासात मागे पडणार नाही तर काय होणार, ज्याला खेळताना नियम समजायला वेळ लागतो आणि गप्पांमध्ये कायम एक वाक्य मागे असतो त्याला बाकीची मुलं किती दिवस सोबत घेणार, आणि जिथे रोज पाच-सहा तास आपण मठ्ठ आहोत असंच वाटतं तिथली ओढ कुठून येणार. म्हणजे त्या यादीतल्या तीन-चार घटकांच्या मुळाशी भाषा गपचूप बसलेली असू शकते, आणि नेमकी तीच जागा आपली आहे.

हे नुसतं माझं मत नाहीये. कॅनडातला ओटावाचा अभ्यास १९८२ मध्ये पाच वर्षांच्या मुलांपासून सुरू झाला, बाइचमन यांच्या टीमने ती मुलं मोठी होईपर्यंत पाहिली. ज्यांचे फक्त उच्चार बिघडलेले होते ती पुढे बरीच सावरली, पण ज्यांना भाषाच समजायला-मांडायला अडचण होती त्यांच्यात १९व्या वर्षी अँग्झायटी, विशेषतः लोकांसमोर जायची भीती, जास्त दिसली आणि मुलग्यांमध्ये गुन्हेगारी वागणूकही जास्त दिसली. म्हणून तुमच्या केसमध्ये 'उच्चार सुधारले म्हणून बंद केली' हे वाचून माझ्या पोटात खड्डा पडला, कारण असंच होतं, ऐकू येणारी अडचण गेली की सगळे निर्धास्त होतात आणि न ऐकू येणारी तशीच राहते. ऑस्ट्रेलियात पामेला स्नो आणि मार्टिन पॉवेल यांनी कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलग्यांची भाषा तपासली तर जवळपास निम्म्यांमध्ये भाषेची अडचण निघाली, जिथे सर्वसाधारण मुलांमध्ये डीएलडीचं म्हणजे डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डरचं प्रमाण साधारण ७ टक्के धरतात. २०१४ मध्ये होलो आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले, भावना-वर्तनाच्या अडचणी असलेली पण भाषेसाठी कधीच न तपासलेली मुलं घेतली, तर ८१ टक्क्यांमध्ये निदान सौम्य तरी भाषिक कमतरता सापडली. हा आकडा सांगताना 'सौम्य तरी' हे शब्द गाळू नका, नाहीतर दरवेळी फुगवून सांगितल्यासारखं होतं.

आणि इथेच एक गोष्ट कळकळीने सांगते. हे सगळे आकडे समूहाचे आहेत. समजा एखाद्या गटात १०० पैकी १० मुलं अडचणीत येतात आणि भाषेची समस्या असलेल्या गटात २० येतात, तर धोका दुप्पट झाला हे खरंच, पण ८० मुलं ठीकच आहेत ना. त्यामुळे पालकांसमोर बसून 'अशी मुलं पुढे जाऊन…' असलं वाक्य कधीही उच्चारू नका. मी एका आईला हे ऐकून रडताना पाहिलंय, दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी सांगितलं होतं, आणि त्यानंतर ती मुलाकडे संशयानेच बघायला लागली. उलट चांगली बातमीही त्याच रिसर्चमध्ये आहे. मँचेस्टरच्या अभ्यासात शाळेच्या वयात नीट मदत मिळालेली डीएलडीची मुलं २४व्या वर्षी पाहिली तर पोलिसांशी संबंध आल्याचं त्यांनी सोबतच्या वयाच्या तरुणांपेक्षा कमीच सांगितलं. मदत मिळाली तर वाट बदलते, हे पालकांना सांगा.

आता प्रत्यक्ष. मी रिस्क फॅक्टर वापरते ते थेरपीचं गोल, म्हणजे उद्दिष्ट, कुठे ठेवायचं हे ठरवायला. आपल्याला सवय असते टेस्टचा स्कोअर बघून गोल लिहायची, शब्दसंग्रह कमी तर शब्दसंग्रह, व्याकरण कच्चं तर व्याकरण. या वयात मी उलटं करते. आधी शोधते की तो कुठल्या प्रसंगात अडकतो, तो प्रसंग नेमका कुठल्या मिनिटाला बिघडतो, आणि त्या मिनिटाला भाषेचं काय झालं.

एक उदाहरण देते, ओळखीच्या खुणा बदलून. १५ वर्षांचा मुलगा, तक्रार तीच, उलट बोलतो. वर्गात शिक्षक म्हणाले 'काय दिवे लावलेस ते सांग सगळ्यांना', हा म्हणाला 'मी नाही लावले लाइट', वर्ग हसला, शिक्षकांना वाटलं हा चेष्टा करतोय, त्याला ऑफिसात नेलं. तिथे विचारलं गेलं, 'तुला वर्गाबाहेर काढू नये असं तुला वाटत नाही का?' तो म्हणाला 'नाही'. आता हा प्रश्न तुम्ही स्वतः दोनदा वाचा. त्याला म्हणायचं होतं नका काढू, पण ऐकणाऱ्याने अर्थ घेतला की याला काहीच वाटत नाही. मला हे कळायलाच दोन सेशन गेले, कारण मी सुरुवातीला 'काय झालं सांग' म्हटल्यावर त्याने सांगितलं ते असं होतं: 'तो बोलला, मग ते हसले, मग त्याने नेलं, मग मी बोललो, मग बाहेर.' कोण तो, कोण ते, कशामुळे, काही पत्ता नाही. मग मी कागदावर चौकोन आखले, काड्यांची माणसं काढली, प्रत्येकाच्या डोक्यावर एक फुगा बोलण्याचा आणि एक मनातल्या विचाराचा, आणि पेन त्याच्या हातात दिलं. शिक्षकांच्या विचाराच्या फुग्यापाशी तो बराच वेळ थांबला आणि मग म्हणाला, 'त्यांना वाटलं मी मुद्दाम बोललो?' खरंच त्याला तोवर हे माहीतच नव्हतं.

त्या एका कागदातून मला चार महिन्यांचं काम मिळालं. लाक्षणिक बोलणं आणि टोमणा ओळखणं. नकारार्थी प्रश्न आला की 'म्हणजे तुम्ही विचारताय की अमुक का?' असं उलटून विचारणं. प्रसंग सांगताना माणसांची नावं घेणं आणि 'कारण', 'म्हणून', 'त्याच्या आधी' हे शब्द वापरणं. आणि शिक्षकांसोबत वीस मिनिटं, की याच्याशी भांडणानंतर बोलताना एका वेळी एकच प्रश्न, सरळ वाक्यात, आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत आकडे मोजून थांबायचं. त्या वीस मिनिटांचा उपयोग माझ्या अर्ध्या सेशन्सपेक्षा जास्त झाला. आणि 'हो', 'नाही', 'माहीत नाही', खांदे उडवणं ही उत्तरं उद्धटपणाची समजली जातात पण बऱ्याचदा ती न कळल्यावर घातलेली झाकणं असतात, हे त्यांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा बदलला. बहुतेक शिक्षकांना मदतच करायची असते, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं एवढंच.

आता मित्र आणि 'नको' म्हणणं. व्यसनप्रतिबंधाच्या कार्यक्रमांमध्ये नकार द्यायची प्रॅक्टिस असतेच, पण ती गृहीत धरते की मुलाला शब्द पटकन सुचतात. आपल्या मुलांचं तिथेच अडतं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा २००५ चा प्रयोग बघा, गाडी चालवायच्या एका कॉम्प्युटर गेममध्ये मित्र सोबत असताना सगळेच जास्त धोका पत्करतात पण १३ ते १६ वयाच्या मुलांमध्ये हा फरक मोठ्यांपेक्षा बराच जास्त असतो. याचा आपल्यासाठी अर्थ असा की शांत खोलीत, समोर एक प्रेमळ थेरपिस्ट असताना केलेली रोल-प्ले मैदानात टिकत नाही. त्यामुळे मी हळूहळू अवघड करत नेते, आधी लिहून, मग बोलून, मग मी मध्येच तोडते, मग दोघंजण एकदम बोलतात, मग हसतात, आणि वाक्यं छोटी ठेवते, मुलाच्या स्वतःच्या भाषेतली. 'धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे' असं कुठलाही मुलगा मित्राला म्हणणार नाही. 'नको रे, निघतोय मी' हे म्हणेल. ही वाक्यं त्यालाच तयार करू द्या आणि इतकी घोटून घ्या की विचार न करता बाहेर पडतील.

अडखळत बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे अजून बारीक आहे. एका मुलीने मला सांगितलं की तिला 'न' वर ब्लॉक येतो, म्हणजे आवाज अडकून शब्द बाहेरच पडत नाही, 'नको' म्हणायला गेलं की सगळे तोंडाकडे बघत बसतात, 'हो' मात्र सहज निघतं. म्हणून ती हो म्हणत होती. वर्षभर. मी हे ऐकून सुन्न झाले होते, कारण तोवर मी तिच्या गोलमध्ये मोठ्याने वाचन लिहिलं होतं. वाचन बाजूला ठेवलं आणि 'नको'वर काम केलं, ब्लॉक आला तरी शब्द सोडून न देता पूर्ण करणं, किंवा हात आडवा करून मान हलवणं, काहीही चालेल पण तिचा नकार समोर पोचला पाहिजे. आणि हीच मुलगी तोंडी परीक्षेच्या दिवशी कायम 'आजारी' असायची. जेसरचा सुटकेचा मुद्दा तो हाच. हजेरीच्या वहीत ती फक्त शाळा बुडवणारी मुलगी होती.

ग्रुप थेरपीबद्दल. मित्रांचा प्रभाव एवढा आहे तर ग्रुप घ्यावा असं वाटतं आणि घ्यावाच, पण सगळी 'प्रॉब्लेम' मुलं एका ग्रुपमध्ये कोंबू नका. डिशन, मॅककॉर्ड आणि पुलिन यांनी १९९९ मध्ये दाखवलं की अडचणीत असलेल्या मुलांना एकत्र बसवलं की ती एकमेकांच्या वाईट किश्श्यांना हसून दाद देतात आणि वागणूक बिघडू शकते. मिश्र ग्रुप ठेवा, तीन-चार मुलं पुरेत, आणि किस्से रंगायला लागले की हातात दुसरं काम द्या.

दुसरी बाजू संरक्षण करणाऱ्या घटकांची, जिच्याकडे आपण फार कमी बघतो. १९९७ मध्ये रेझनिक यांच्या टीमने अमेरिकेतल्या सुमारे १२,००० किशोरवयीन मुलांची माहिती तपासली, तर घरच्यांशी जवळीक आणि शाळेशी आपुलकी ही दोन नाती जवळपास सगळ्याच धोक्यांपासून संरक्षण देताना दिसली. हे वाचल्यापासून मी एक गोष्ट कटाक्षाने पाळते, मुलाला त्याच्या आवडत्या तासातून थेरपीला काढायचं नाही. कोणाला खेळ आवडतो, कोणाला चित्रकला, दिवसभरात तेवढाच एक तास त्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं आणि आपण नेमका तोच घेतो कारण 'महत्त्वाचा विषय बुडायला नको'. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा विषय आहे. घरच्यांसाठीही मी एकच गोष्ट देते, रोज दहा मिनिटं, ज्यात अभ्यास आणि तक्रार दोन्ही नाही, मोठ्या माणसाने प्रश्न कमी विचारायचे आणि स्वतःच्या दिवसातलं काहीतरी सांगायचं. प्रश्नांचा भडिमार झाला की ही मुलं मिटून जातात.

भावनांचे शब्द हा भाग छोटा वाटतो पण सोडू नका. बऱ्याच मुलांकडे 'राग' आणि 'बोर' एवढे दोनच शब्द असतात. लाज, अपमान, हेवा, धास्ती, ओशाळणं सगळं त्या 'राग'च्या पोटात. तक्ते पाठ करून हे येत नाही, त्याच्याच प्रसंगाच्या कागदावर परत जाऊन 'इथे राग होता की लाज?' असं विचारून येतं.

एक गंभीर मुद्दा. ही मुलं आपल्याशी बोलायला लागली की कधी ना कधी असं काही सांगतात जे आपल्या कक्षेबाहेरचं असतं, मारहाण, लैंगिक त्रास, जीव द्यावासा वाटणं. पहिल्याच सेशनमध्ये सोप्या शब्दांत सांगा की आपलं बोलणं आपल्यात राहील, पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तर मला ते मदत करू शकणाऱ्या माणसाला सांगावं लागेल, आणि मग त्याला ते त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा, कारण नुसतं 'कळलं का'ला 'हो' येणारच. आत्महत्येबद्दल विचारलं तर डोक्यात विचार घातल्यासारखं होईल अशी भीती बऱ्याच जणांना असते, पण गूल्ड यांच्या २००५ च्या अभ्यासात किशोरवयीन मुलांना हे सरळ विचारल्याने त्यांचा त्रास किंवा तसे विचार वाढले नाहीत. शंका आली तर सरळ विचारा, मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञापर्यंत पोचवा आणि नोंद ठेवा. त्यांच्याकडे पाठवताना एक ओळ भाषेबद्दल नक्की लिहा, की याला लांब प्रश्न कळत नाहीत, चित्र काढून बोला. कौन्सेलिंग सगळं बोलण्यावरच चालतं, आणि ही ओळ नसेल तर तिथेही 'सहकार्य करत नाही' असा शेरा बसतो.

असेसमेंटमध्ये श्रवण तपासणी नव्याने करून घ्या, जुन्या रिपोर्टवर जाऊ नका. डोक्याला कधी मोठा मार बसलाय का, झोप किती, घरात कुठली भाषा, शाळेत कुठली हे विचारा. दोन भाषांमध्ये वाढणाऱ्या मुलाला एकाच भाषेची, दुसरीकडच्या मुलांवर बेतलेली टेस्ट लावून स्कोअरवरून डीएलडी ठरवू नका. मी त्याऐवजी एखादी गोष्ट शिकवून बघते आणि परत तपासते, शिकवल्यावर किती पटकन उचलतो यावरून खूप कळतं.

तुमच्या या मुलाच्या पहिल्या सेशनमध्ये मी टेस्टचा डबा उघडणारच नाही. त्याला ज्यातलं सगळ्यात जास्त कळतं ते मला शिकवायला सांगेन, गेम असो, सायकल दुरुस्ती असो, आणि परवानगी घेऊन रेकॉर्ड करेन, तेच तुमचं लँग्वेज सॅम्पल, म्हणजे तपासायला त्याच्या सहज बोलण्याचा नमुना. 'हे', 'ते', 'ते आपलं' किती वेळा येतं, मला कळलं नाही म्हटल्यावर तो वेगळ्या शब्दांत सांगतो की तेच वाक्य मोठ्याने म्हणतो की गप्प होतो, हे बघा. मारामारीचा विषय त्या दिवशी काढू नका, त्याआधी दहा जणांनी काढलेला असतो. शेवटची पाच मिनिटं त्याला विचारा की दिवसभरात कुठल्या वेळी बोलताना सगळ्यात जास्त वैताग येतो, आणि सोबत चार-पाच चित्रं ठेवा, वर्ग, मैदान, घर, फोन, मित्रांचा घोळका, म्हणजे शब्द सापडला नाही तर बोट तरी ठेवता येईल. ज्या चित्रावर तो बोट ठेवेल तिथून दुसरं सेशन सुरू करा.